फादर, एका क्रियापदाबद्दल आभार

आदरणीय फादर,
सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी वसईला आलो तो दोन मिनिटांचं काम घेऊन. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखितांवर काम करताना एक शब्द सारखा आडवा येत होता. लेखनिकाने दोन पोथ्या समोर ठेवून तिसरी उतरवली, की पाठचिकित्सक, म्हणजे पोथ्यांतले पाठभेद तपासणारे अभ्यासक, तिला ‘कंटॅमिनेटेड’ म्हणतात. बिचाऱ्याने दुप्पट कष्ट घ्यायचे आणि पोथी मात्र बाटलेली! असं का, एवढंच विचारायचं होतं. तुम्ही आतून लॅटिनचा जाडजूड कोश आणलात आणि दुपार कशी सरली कळलं नाही.

‘कंटॅमिनेट’चं मूळ लॅटिन क्रियापद ‘कोंतामिनारे’. त्याच्या पोटात ‘तांगेरे’चा धातू आहे, म्हणजे शिवणे, हे ऐकलं आणि मला आजीचं सोवळं आठवलं. ‘इंतेगेर’ही त्याच धातूचा, तुम्ही म्हणालात, कुणी न शिवलेला, म्हणून अखंड. गणितातला पूर्णांक इतका सोवळ्यातला असेल असं कधी वाटलं नव्हतं. (उच्चारावर मात्र आपलं जमलं नाही. तुमचा चर्चमधला ‘तांजेरे’, माझा पुस्तकी ‘तांगेरे’.)

मग रोमन नाटककार टेरेन्स. इसवी सनापूर्वी 166 मध्ये त्याने ‘आंद्रिया’ रंगमंचावर आणलं, ग्रीक नाटककार मिनांडरच्या दोन नाटकांतला ऐवज एकत्र करून. नाटकं अशी ‘कोंतामिनारे’ करू नयेत, अशी विरोधकांची ओरड. टेरेन्सचं नांदीतलं उत्तर असं, की मग नेवियस, प्लॉटस, एनियस या आधीच्या नाटककारांनाही दोषी धरा. यावरून पुढे कित्येक विद्वानांनी या क्रियापदाचा अर्थच ‘मिसळणे’ असा लावला. मीही तसंच टिपून घेत होतो. तुम्ही पेनावर बोट ठेवलंत: “आधी बघ, शब्द कोणाच्या तोंडचा आहे.” मिसळलं टेरेन्सने, नासवलं, असं म्हणणारे दुसरे.

माझा चेहरा पाहून तुम्ही रोमन इतिहासकार लिव्ही काढलात. इसवी सनापूर्वी 445. रोममधले उच्चकुलीन पॅट्रिशियन आणि सामान्य प्लेबियन यांची आपसांत लग्नं व्हावीत म्हणून प्लेबियनांचा प्रतिनिधी कानुलेयस कायदा मांडतो, आणि उच्चकुलीनांना वाटतं की आपलं रक्त ‘कोंतामिनारी’ होणार. तेच क्रियापद. मी गप्पच झालो. ‘संकर’ म्हणजे नुसती सरमिसळ, पण गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुन त्याची वाट थेट नरकाला नेऊन पोचवतो. आपल्याकडे जातीबाहेर लग्न केलेल्यांना ‘बाटले’ म्हणणारे काय वेगळं बोलत होते? “कायदा झाला बरं का,” पान मिटताना तुम्ही एवढंच म्हणालात.

घरी येऊन प्रकरण पुन्हा लिहिलं. ‘भ्रष्ट प्रत’ खोडून सगळीकडे ‘संमिश्र प्रत’ केलं. एकनाथांचा उल्लेख वाढवला. शके 1506 मध्ये नाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पाठाला पाठ ताडून पाहिल्याशिवाय ते काम होतं का? आणि यात कुणी पदरची ओवी घातली तर ती अमृताच्या ताटात नरोटी (नारळाची करवंटी), असंही बजावून ठेवलं. मिसळणं वेगळं आणि नासवणं वेगळं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मला ते वसईत, तुमच्या ओट्यावर कळलं. त्याबद्दल मनापासून आभार.

कोशाला ब्राउन पेपरचं कव्हर घातलंय. परत द्यायला येईन तेव्हा ‘पोल्यूट’च्या मुळाचं ‘पोल्लुएरे’ घेऊन बसू. त्यात म्हणे चिखल आहे.

तुमचा,
उशिरा लॅटिन शिकणारा विद्यार्थी