हॉलची चावी पोरांच्या हातात द्या

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात एका वाचकाचं पत्र छापून आलं होतं की अल्पसंख्याक समाजातून पुढे येणारी माणसं दिसत नाहीत. दोन दिवस डोक्यात तेच चालू होतं म्हणून लिहितेय. मी मराठी ख्रिस्ती, जन्म शरणपूर रोडचा, वय आता बेचाळीस.

शाळेत वर्गात ख्रिस्ती मी एकटीच. घरी मराठी, ताटात भाकरी-ठेचा, नाताळला करंज्या-चकल्या, तरी एकदा एका बाईंनी भर वर्गात विचारलं, तुमचे आजोबा-पणजोबा इंग्लंडहून आले का गं? सगळे हसले, मी पण हसले, आणि घरी येऊन आईला विचारलं की आपण कुठून आलो, तर आईलाही धड सांगता येईना. उत्तर फार उशिरा कळलं. ज्या रस्त्यावर आमचं घर तो शरणपूरचा रस्ता, आणि शरणपूर म्हणजे चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ मध्ये वसवलेली वस्ती. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं पण इथे आणली होती, ती इथे सुतारकाम-लोहारकाम शिकली. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट, आफ्रिकेत फिरणारे मिशनरी-प्रवासी लिव्हिंगस्टन तिथेच वारले तेव्हा त्यांचा देह घेऊन १८७४ मध्ये थेट इंग्लंडला गेला. ख्रिस्ती झालेल्या, 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांचं माहेर जलालपूर, आपल्या नाशिकजवळच. हे मला तेव्हा माहीत असतं तर मी हसले नसते, उभं राहून उत्तर दिलं असतं.

पण खरं बळ मला इतिहासाने नाही, एका मावशींनी दिलं. त्या आमच्या शब्बाथशाळेच्या, म्हणजे चर्चमध्ये रविवारी मुलांसाठी भरणाऱ्या वर्गाच्या बाई. मी पंधरा वर्षांची असताना त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि त्यांनी मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या हॉलची चावी सरळ माझ्या हातात ठेवली, म्हणाल्या, पुढचे तीन महिने रविवारचा वर्ग तुझा, पोरं तुझी, खडू संपला तरी तूच बघायचं. मला रडू आलं होतं. पहिल्या रविवारी सहा पोरं, त्यातली दोन भांडून घरी गेली. मग मी पेटी वाजवणाऱ्या काकांना बसवलं, रेव्हरंड ना. वा. टिळकांची, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या यजमानांची भजनं शिकवायला लागले, नाताळच्या नाटकात प्रत्येकाला काहीतरी काम दिलं, अगदी गव्हाणीचं गवत आणायचं पण, आणि तीन महिन्यांनी मावशी काठी टेकत आल्या तेव्हा एकवीस पोरं होती. वर्गात मान खाली घालून बसणारी मी त्या हॉलमध्ये मोठ्याने बोलायला शिकले.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात ख्रिस्ती १ टक्का पण भरत नाहीत. म्हणजे मतांच्या हिशोबात आमचं पुढारीपण कुणाला दिसणार नाही हे उघड आहे, त्या वाचकांना ते दिसलं नाही यात नवल नाही. आमच्याकडे पुढे असणं म्हणजे कुणाच्या घरी मयत झाली की पहिला फोन कुणाला जातो, सिव्हिलमध्ये रात्री कोण बसतं, हे. कोरोनात आमच्या तरुण संघाच्या पोरांनी किराण्याची पाकिटं भरली तेव्हा यादीत मंडळीतली घरं होतीच पण शेजारच्या गल्लीतली मुसलमान आणि बौद्ध घरं पण होती, आणि ती यादी एका बारावीतल्या पोराने बनवली होती, कुणी सांगितलं म्हणून नाही.

राग मला आमच्याच मोठ्यांचा येतो, आणि तो मी इथे मुद्दाम लिहितेय. चर्चचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीवर तीच चार-पाच माणसं वर्षानुवर्षं. पोरांनी हॉलमध्ये अभ्यासिका मागितली, सगळ्या धर्माच्या मुलांसाठी, तर उत्तर काय, बघू, पंखे कोण बंद करणार, लाइट बिल कोण भरणार. अहो ती पोरंच भरतील! आधीच बाहेर जपून वागायला शिकलेली पोरं, त्यांना घरच्या मंडळीत पण फक्त खुर्च्या उचलायला ठेवलं तर ती पुण्याला जातात आणि परत येत नाहीत. माझ्या वर्गातल्या त्या एकवीसपैकी आज नाशिकमध्ये सात आहेत.

तुम्हाला पण एक विनंती. आमच्याकडे फोटोग्राफर फक्त २५ डिसेंबरला येतो. एखाद्या साध्या जून महिन्यातल्या रविवारी पाठवा, तो शब्बाथशाळेचा वर्ग आता एक सोळा वर्षांची मुलगी घेते, तिच्याशी बोला.

आणि जाता जाता एक काम. सिंहस्थात शरणपूर रोडवर भाविकांसाठी पाण्याचा स्टॉल लावायचा असं आमच्या तरुण संघाने ठरवलंय, चर्चच्या पाळकसाहेबांनी (धर्मगुरूंनी) हो म्हटलंय, चौतीस जणांनी नावं दिलीत. परवानगीसाठी महापालिकेत नेमका कुठे अर्ज करायचा ते कृपया तुमच्या पेपरात छापा, पोरं वाट बघताहेत.

आपली वाचक,
शरणपूर रोड, नाशिक