पडद्यावर जुळले, हातात अडले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रस्तंभात एका वाचकाने अशी तक्रार केली होती की, आजची मुले खेळण्यातले ठोकळेसुद्धा संगणकाच्या पडद्यावर जोडतात आणि त्यामुळे त्यांच्या हाताला वळण लागत नाही. त्यांची काळजी मला समजते, कारण उद्यमनगरातील फौंड्र्यांसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे वाळूत दाबून धातू ओतायचा साचा ज्यावरून घेतात ते नमुने, करण्यात माझी ३७ वर्षे गेली आहेत. त्यांचा निष्कर्ष मात्र मला पटला नाही. पॅटर्नमेकर लाकडाला पटाशी लावण्याआधी काय करतो, हे त्यांनी पाहिले असते तर त्यांनी पडद्याला एवढा दोष दिला नसता. आम्ही आधी प्लायवूडच्या फळीवर कास्टिंगचे, म्हणजे ओतायच्या भागाचे, पूर्ण मापाचे ड्रॉइंग काढत असू, आणि तेही साध्या पट्टीने नव्हे तर श्रिंकेजच्या, म्हणजे तेवढ्याच प्रमाणात वाढवलेल्या मापांच्या पट्टीने, कारण ओतलेले बीड (ओतीव लोखंड) थंड होताना मीटरमागे सुमारे १० मिलिमीटर आकसते. फळीवर सापडलेली चूक खोडरबराने जात असे. तीच चूक ओतकामानंतर सापडली तर सगळा माल भंगारात जाई आणि वर मालकाचे बोलणे खावे लागे.

माझी नात अकरावीत आहे. गेल्या उन्हाळ्यात तिने गुऱ्हाळातल्या तीन लाटांच्या, म्हणजे ऊस पिळणाऱ्या तीन रुळांच्या, चरकाची चालती प्रतिकृती लेगोच्या यांत्रिक ठोकळ्यांत, म्हणजे टेक्निक या १९७७ पासून निघणाऱ्या मालिकेतल्या भोकाच्या पट्ट्या, दांडे आणि गिअर वापरून, स्वतःच्या आराखड्याने करायला घेतली. पेटीसोबत येणारी पुस्तिका तिने बाजूला ठेवली, कारण चरकाची पुस्तिका कोणी काढलेलीच नाही. आराखडा तिने ‘स्टुडिओ’ नावाच्या सॉफ्टवेअरवर केला. ते फुकट मिळते. त्याच्या मुळाशी एलड्रॉ ही पद्धत आहे, जी जेम्स जेसिमन या ऑस्ट्रेलियन तरुणाने १९९५ मध्ये सुरू केली. तो १९९७ मध्ये वारला, पण जगभरच्या हौशी लोकांनी त्यातला सुट्या भागांचा साठा पुढे वाढवत नेला. या पद्धतीतले मोजमाप पाहून माझ्यासारख्या जुन्या कारागिरालाही समाधान वाटले. ठोकळ्यावरच्या एका बटणापासून दुसऱ्या बटणापर्यंतचे अंतर ८ मिलिमीटर, ठोकळ्याची उंची ९.६ आणि पातळ ठोकळ्याची ३.२. जेसिमनने ०.४ मिलिमीटर हे एकक धरले, त्यामुळे ही तिन्ही मापे अनुक्रमे २०, २४ आणि ८ अशी पूर्णांकात येतात.

गिअरची गंमत याहून मोठी आहे. या ठोकळ्यांतल्या सरळ दात्यांच्या गिअरवर जितके दाते, तितके मिलिमीटर त्याचा पिच व्यास, म्हणजे दाते जिथे एकमेकांत गुंततात तिथला व्यास, असतो. म्हणून ८ आणि २४ दात्यांच्या गिअरमधले अंतर १६ मिलिमीटर, म्हणजे नेमकी दोन घरे (पट्टीवरच्या शेजारच्या दोन भोकांमधले ८ मिलिमीटर म्हणजे एक घर), आणि ८ व ४० दात्यांमधले नेमकी तीन घरे भरते. मोटरपासून लाटेपर्यंत या दोन जोड्या लागोपाठ लावल्या की तिनाला पाचाने गुणून मोटरचे १५ फेरे आणि लाटेचा एक, असे गणित बसते. हे तिने एका संध्याकाळी जमवले. खरी अडचण लाटांनी केली. वरची लाट खालच्या दोन्ही लाटांना फिरवते, पण खालच्या दोघींचे दाते एकमेकींत गुंतले तर तिन्ही लाटा जागच्या जागी जखडतात. तिने आधी १६ दात्यांचे गिअर घेतले. त्यांना दोन घरांचे अंतर हवे, आणि तिरक्या रेषेत भोके मोजली तर ते अंतर कुठेच नेमके मिळत नाही. एक घर आडवे आणि दोन उभे धरले तर २.२४ घरे होतात आणि दाते सुटतात. २४ दात्यांना तीन घरे हवीत, तर दोन आडवी आणि दोन उभी धरून २.८३ भरतात, म्हणजे दाते एकमेकांवर चढतात. तसा प्रयत्न केला की सॉफ्टवेअर तेवढाच भाग वेगळ्या रंगात दाखवून हटकत असे. चार दिवसांनी जेवताना ती एकदम म्हणाली, “आजोबा, तीन-चार-पाच!” चाळीस दात्यांच्या दोन गिअरमध्ये पाच घरे लागतात, तीन घरे बाजूला आणि चार घरे खाली गेले की कर्ण बरोबर पाच येतो, आणि खालच्या दोन लाटांमध्ये सहा घरे पडल्यामुळे त्या एकमेकींना शिवत नाहीत. पायथागोरसचा सिद्धांत ती आठवीत पाठ करून आली होती, पण त्याची गरज तिला प्रथमच पडली होती, आणि ती पडद्यावर पडली होती.

आता पत्रलेखकांची बाजू. सुटे भाग जमले, जोडणी सुरू झाली आणि पडद्यावर निर्दोष दिसणारा चरक हातात तीन ठिकाणी अडला. एक गिअर चारी बाजूंनी बंद चौकटीत होता. सॉफ्टवेअरमध्ये तो उचलून आत ठेवता येतो, प्रत्यक्षात तिथे बोटही शिरत नव्हते. हे पाहून मी खरोखर हसलो, कारण वाळूतून बाहेरच निघणार नाही असा पॅटर्न कागदावर फार सुंदर दिसतो आणि नव्या पॅटर्नमेकरकडून तो एकदा तरी होतोच. दुसरी गोष्ट, मोटरकडचा दांडा एकाच बाजूने धरलेला होता. भार आला की पट्ट्या फाकत, ८ दात्यांचा गिअर ४० दात्यांवरून कट-कट करत घसरत असे, आणि फाकणाऱ्या पट्ट्यांना दुसरी पट्टी आडवी ठोकून बांधल्यावरच ते थांबले. तिसरी चूक पिनेची होती. या ठोकळ्यांत काळी पिन भोकात घट्ट बसावी म्हणून घर्षणाची असते आणि करडी मोकळी फिरते. पडद्यावर दोन्ही तितक्याच मापाच्या दिसतात, पण मधला गिअर काळ्या पिनेवर बसवल्यामुळे मोटर धापा टाकू लागली. ही तीन कारणे पडद्याने सांगितली नाहीत, ती हातानेच सांगितली, एवढे मी मान्य करतो. पण आधी आराखडा नसता तर लाटांचे अंतर चुकले की भाग चुकले की पैसे वाया गेले, अशाच फेऱ्यात ती अडकली असती.

माझा आक्षेप वेगळ्याच गोष्टीला आहे. शहरातल्या एका शिकवणीवर्गात मी दोनदा जाऊन बसलो. बारा मुले, बारा सारख्या पेट्या, पुस्तिकेतली चित्रे पाहून बारा सारख्या क्रेन, आणि तासाच्या शेवटी त्या मोडून पेटीत. फी चांगलीच होती. यात हात चालतो, पण अंतर कुठे पाचाचे येते हे शोधायची वेळ कोणावरही येत नाही. त्या मुलांना पडदा मिळाला नाही म्हणून त्यांचे काही वाचले, असे मला वाटले नाही.

यांत्रिक भाग महाग आहेत हे खरे, पण ते विकत घेण्याआधीचे काम फुकट होते आणि साध्या विंडोजच्या संगणकावर होते. महापालिकेच्या शाळांमध्ये आणि आयटीआयमध्ये जिथे संगणककक्ष आहेत, तिथे हे सॉफ्टवेअर टाकावे, आणि गिअर, दांडे, पट्ट्या, पिना यांची एकच सामायिक पेटी शाळेने किंवा जवळच्या वाचनालयाने ठेवावी, म्हणजे ज्याचा आराखडा पुरा झाला त्याने पेटी न्यावी, बांधावी आणि मोडून परत करावी. मूळ पेटंट १९५८ चे असल्याने ते केव्हाच संपले आहे आणि त्याच मापाचे इतरांचे ठोकळेही मिळतात. त्यांची पकड सारखी नसते, एवढे पाहून घ्यावे. गणेशोत्सवात राजारामपुरीतले तांत्रिक देखावे पाहायला गर्दी करणाऱ्या गावाला क्रँक आणि कॅम या देखावे हलवणाऱ्या यांत्रिक भागांचे वावडे असेल, असे मला वाटत नाही.

शिकवायला माणसे शोधावी लागणार नाहीत. माझ्या ओळखीचे दोन निवृत्त टर्नर, एक फिटर आणि मी, असे चौघेजण दर रविवारी सकाळी यायला तयार आहोत, मोबदल्याशिवाय. ज्या शाळेला हे करून पाहायचे असेल तिने आपल्या दैनिकामार्फत कळवावे. येताना नातीचा चरक घेऊन येऊ. खालची डावी लाट अजून किंचित घासते आणि त्याचे कारण आम्हा दोघांनाही कळलेले नाही. ते पहिल्या रविवारी मुलांपुढे ठेवता येईल.

आपला,
एक निवृत्त पॅटर्नमेकर,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर