पाचवडच्या काकूंना

प्रिय काकू,

तुमचं नाव मला पहिले चार-पाच महिने ठाऊकच नव्हतं. आपल्या सव्वाआठच्या वाई-सातारा गाडीत नाव लागतंच कुठं? जो जिथं चढतो ते त्याचं गाव आणि तेच आडनाव. उडताऱ्याचे सर, लिंब फाट्याची सिस्टर आणि तुम्ही पाचवडच्या काकू. मी 'वाईची नवी'. सहा वर्षं झाली तरी नवीच!

2019 च्या पावसाळ्यात लग्न होऊन यवतमाळहून आले, साताऱ्यात नोकरी लागली आणि अप-डाऊन सुरू झालं. गाडी वाईतूनच सुटायची म्हणून मला खिडकी मिळायची. तुम्ही पाचवडला चढायचात तेव्हा उभं राहायलाही जागा नसायची. तिसऱ्या दिवशी तुम्ही न विचारता तुमची पिशवी माझ्या मांडीवर ठेवलीत. "धर गं जरा." खरं सांगते, राग आला होता. आनेवाडी टोलनाक्यापर्यंत तुम्ही माझं माहेर, सासर, शिक्षण आणि (हे जरा जास्तच होतं) पगारही विचारून घेतलात. माझ्या 'करून राहिली, जाऊन राहिली'वर अख्खी मागची बाकं हसली, तेव्हा मात्र तुम्हीच त्यांना गप्प केलंत.

त्या संध्याकाळी सातारा स्टँडवर गर्दी बघून मी मागेच थांबले होते. खिडकीतून तुमचा हात आला. "ये की लवकर, रुमाल टाकलाय!" तेव्हापासून तोच नेम: सकाळी मी तुमची पिशवी धरायची, संध्याकाळी तुम्ही माझी जागा.

2021 च्या दिवाळीच्या तोंडावर एसटीचा संप सुरू झाला आणि पार एप्रिलपर्यंत ताणला. वडापनं, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या खासगी जीपनं, एकटीनं जायची मला भीती वाटायची. नोकरी सोडायचं जवळजवळ ठरवलं होतं. तुम्ही फोन करून सातजणी गोळा केल्यात, एका जीपवाल्याशी महिन्याचा दर ठरवलात आणि वर त्याला दम भरलात, "आमच्यावर आनखी मानसं कोंबलीस तर पैसं मिळायचं न्हाईत." माझी नोकरी त्या जीपमुळे टिकली. डेपोबाहेर संपावर बसलेल्या आपल्या कंडक्टरदादांना तुम्ही अधूनमधून भाकरी नेऊन देत होतात, हे तुम्ही कधी बोलला नाहीत. ते कामावर परतल्यावर त्यांनीच सांगितलं.

आणि तुमचा हिशोब! मार्च 2023 मध्ये बायकांना अर्धं तिकीट झालं, त्या आठवड्यात सगळ्याजणी पास काढावा की नको या घोळात. पासाला वीस दिवसांचे पैसे भरून तीस दिवस प्रवास, तुम्ही बोटं मोजलीत, "सव्वीस दिस कामावर गेलं तर अर्ध्या तिकिटानं तेराच दिसांचं पैसं हुत्यात. पास कशाला?" लिंबपर्यंत सगळ्यांना पटलं होतं.

गेल्या महिन्यात तुम्ही निवृत्त झालात. शेवटच्या दिवशी पाचवडला उतरताना मला काहीतरी बोलायचं होतं. कंडक्टरदादांनी डबल बेल द्यायला मुद्दाम उशीर केला, तरी माझ्या तोंडून "सावकाश उतरा" एवढंच निघालं. म्हणून हे पत्र. काकू, मनापासून आभार. या मुलखात मला पहिलं माणूस मिळालं ते तुम्ही, आणि तेही उभ्यानं प्रवास करत.

तुमचा खर्ड्याचा डबा अजून माझ्याकडेच आहे. (खर्डा आणि आमचा ठेचा यातलं भारी काय, हे भांडण मिटलेलं नाही, हे लक्षात असू द्या.) रविवारी दुपारच्या गाडीनं पाचवडला उतरते. डबा रिकामा आणणार नाही. आईनं जवसाची चटणी पाठवलीय.

तुमची,
वाईची नवी