२०१६ची यादी, पुन्हा एकदा

चि. छकुली,
अनेक आशीर्वाद.

तुझी या वर्षीच्या आवडत्या अल्बमांची यादी मिळाली. दोनदा वाचली, त्यातले चार अल्बम ऐकून झाले, बाकीचे ऐकतोय. शेवटी तू लिहिलं आहेस, 'बाबा, तुझे या वर्षीचे दहा कळव, आजच.' आज जमणार नाही गं. या वर्षीची गाणी अजून माझ्या कानात मुरलेली नाहीत. त्याऐवजी २०१६ची यादी नव्याने करून पाठवतोय. त्या डिसेंबरात केलेली जुनी यादी परवा वहीत सापडली आणि ती मला आता मान्य नाही.

तेव्हा पहिला होता ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवीचा 'ब्लॅकस्टार'. ८ जानेवारीला आला, शुक्रवारी, त्याच्या एकोणसत्तराव्या वाढदिवशी. सातच गाणी. त्या शनिवार-रविवारी मी ऐकला तो जॅझकडे झुकलेला, धीट आणि अवघड अल्बम होता. डॉनी मॅकॅस्लिनचा सॅक्सोफोन गाण्याच्या मागे राहायला तयारच नाही. पहिलं गाणं जवळजवळ दहा मिनिटांचं, मध्येच ठेका सोडून दुसऱ्याच चालीत शिरणारं. 'या वयात इतकी नवी उमेद,' असं मी वहीत लिहिलं. सोमवारी बातमी आली. १० तारखेला, रविवारी, बोवी गेला होता. दीड वर्ष कर्करोगाशी झगडत होता आणि बाहेरच्या जगाला ते ठाऊक नव्हतं. त्या रात्री अल्बम पुन्हा लावला. एक सूरही बदललेला नव्हता, पण त्यातल्या 'लॅझरस' या गाण्यातलं जे स्वर्गाचं बोलणं शुक्रवारी मला कवीची कल्पना वाटलं होतं, तो आता निरोप झाला होता.

त्या वर्षी हे पुन्हा पुन्हा घडलं. कॅनडाचा कवी-गायक लेनर्ड कोहेन, त्याचा 'यू वॉन्ट इट डार्कर' २१ ऑक्टोबरला आला आणि ७ नोव्हेंबरला तो गेला, ८२ व्या वर्षी. ऑस्ट्रेलियन गायक निक केव्हचा 'स्केलेटन ट्री' सप्टेंबरात आला, तेव्हा त्याचा पंधरा वर्षांचा मुलगा जाऊन वर्ष उलटलं होतं. तुझा बाप म्हणून तो अल्बम मला एका बैठकीत ऐकवला नाही. प्रत्येक ओळ त्या मुलाबद्दलच आहे, असं धरून मी ऐकत होतो. त्यातले बरेचसे शब्द त्या मृत्यूच्या आधीच लिहिलेले होते, हे नंतर वाचलं. म्हणजे शब्दांत दुःख बऱ्याच अंशी मीच ओतत होतो. आवाजात मात्र ते आहेच. तिथे माझ्या ओतण्याची गरज नव्हती.

म्हणून म्हणतो, त्या डिसेंबरची माझी यादी निम्मी बातम्यांनी केली होती. पहिले तीन हेच तिघे. आता त्या बातम्या जुन्या झाल्या आहेत आणि अल्बम पुन्हा नुसते अल्बम म्हणून ऐकता येतात. गेले दोन महिने तेच करतोय.

'ब्लॅकस्टार' आज तिसरा. तो टिकला तो मार्क गिलियानाच्या ड्रममुळे आणि त्या अस्वस्थ सॅक्सोफोनमुळे. मरणाचं काहीही न सांगता तुला तो ऐकवला, तरी तू ताठ बसशील. केव्ह सहावा. कोहेन चौथा. तू तेव्हा नऊ वर्षांची होतीस आणि विचारलं होतंस, 'बाबा, हे आजोबा गातायत की बोलतायत?' तेव्हा मी हसून विषय सोडून दिला, पण प्रश्न बरोबर होता. तो माणूस इतका थकला होता की घरीच, आधाराच्या खुर्चीत बसून त्याने हे रेकॉर्डिंग केलं आणि ते सगळं जुळवून आणलं त्याच्या मुलाने, अ‍ॅडमने. मागे माँट्रियलच्या सिनेगॉगचा, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाचा, गायकवृंद आहे. वडिलांचा आवाज जिथे गाण्यापर्यंत पोचत नाही, तिथे मुलाने वाद्यं मागे घेतलीत, आवाजावर काही चढवलेलं नाही. एवढा संयम मला तरी जमला नसता.

रेडिओहेड या ब्रिटिश बँडचा 'अ मून शेप्ड पूल' तेव्हा सातवा होता, आता दुसरा. गाण्यांचा क्रम म्हणजे अल्बमचा कणा, हे मी तुला इतक्यांदा ऐकवलं आहे, आणि इथे अकराही गाणी चक्क वर्णक्रमाने लावली आहेत! तरी शेवटी येतं ते 'ट्रू लव्ह वेट्स', तिथेच यायला हवं होतं असं. हे गाणं ते १९९५ पासून मैफलींत गात होते. २००१ च्या थेट ध्वनिमुद्रणात ते गिटारवर आहे, त्यात विनवणी ऐकू येते. २०१६ मध्ये पियानो आला, लय सुटी-सुटी झाली, आणि तेच शब्द सगळं संपून गेल्यावर उच्चारल्यासारखे वाटतात. दोन्ही एकापाठोपाठ ऐक. एकवीस वर्षं एक गाणं स्टुडिओच्या अल्बमात न घेता थांबणं, हे मला फार मोठं वाटतं.

अमेरिकन गायिका बियॉन्सेचा 'लेमोनेड' तेव्हा पाचवा, आजही पाचवाच. तो चित्रफितीसकट बघायचा. आणि पहिला आलाय तो तिच्या धाकट्या बहिणीचा, सोलांजचा 'अ सीट अ‍ॅट द टेबल'. जुन्या यादीत तो नव्हताच.

नव्हता, कारण मी नीट ऐकलाच नव्हता. एकवीस तुकडे आहेत, त्यातले बरेच निव्वळ बोलण्याचे. ते मी ओलांडून पुढे जायचो, तू जातेस तसाच. एका तुकड्यात तिचे वडील बोलतात: ज्या शाळांत आधी फक्त गोरी मुलं होती, तिथे सुरुवातीला गेलेल्या काळ्या मुलांपैकी ते एक, आणि तो राग किती वर्षं पुरला ते. लगेच पुढचं गाणं 'मॅड', रागावरच, पण किती हळुवार चालीत! मग आई बोलते, काळं असण्यातल्या सौंदर्याबद्दल, आणि तिच्यानंतर येतं 'डोन्ट टच माय हेअर'. आईबापांचं बोलणं गाळलं तर ही गाणी नुसती गोड वाटतात. बोलणं ऐकून गाण्यात शिरलं की तो हळुवारपणा तिने किती कष्टाने कमावलाय ते कळतं. राग घरातून आलाय आणि तो शांत सुरात मांडण्याची ताकदही घरातूनच.

तेव्हा शफल बंद कर, हेडफोन लाव आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐक. एक्कावन्न-बावन्न मिनिटं लागतील. मध्ये मला फोन करू नकोस.

तुझ्या यादीतला सातवा अल्बम मला अजून उमगलेला नाही. तीनदा ऐकला. दुसऱ्या गाण्यात ठेका थांबतो त्या जागेशी मी दर वेळी अडखळतो, आणि तू तिथेच 'ही जागा बघ' असं लिहिलं आहेस. मार्चमध्ये पुन्हा विचार.

तुझा,
बाबा