बजेट दहा लाखांचे, तर गाडी साडेआठ लाखांची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सणासुदीला सगळ्याच वर्तमानपत्रांत छोट्या एसयूव्हींच्या पानभर जाहिराती येतात. ठळक आकड्यातली किंमत एक्स-शोरूम (रस्ता कर, विमा आणि नोंदणी सोडून) असते, तीही सर्वांत खालच्या व्हेरियंटची. वाचक तोच आकडा डोक्यात धरून शोरूममध्ये जातो आणि कोटेशन हातात पडले की एक तर बजेट वाढवतो किंवा कर्जाची मुदत. हा हिशेब मागून पुढे करायला हवा, एवढ्यासाठी हे पत्र.

सगळे मिळून दहा लाख खर्चायची तयारी असेल तर गाडी साडेआठ लाखांची शोधावी. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के एकरकमी कर आहे. साडेआठ लाखांवर तो ९३,५०० रुपये होतो. विमा चाळीस-पंचेचाळीस हजार, कारण नव्या गाडीला थर्ड पार्टी तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. नोंदणी, कर्जाचा बोजा चढवणे, फास्टॅग हे किरकोळ. बेरीज नऊ लाख नव्वद हजारांच्या घरात जाते.

दहा लाखांच्या रेषेवर फार जण फसतात. एक्स-शोरूम किंमत ही रेषा ओलांडते तेव्हा पूर्ण किमतीवर १२ टक्के कर बसतो. ९ लाख ९५ हजारांच्या गाडीला कर १,०९,४५०. १० लाख १० हजारांच्या गाडीला १,२१,२००. म्हणजे पंधरा हजारांच्या अलॉय व्हीलपायी पावणेबारा हजार रुपये जादा कर. वर एक टक्का टीसीएस (विक्रेत्याने आगाऊ घेतलेला प्राप्तिकर), म्हणजे १०,१०० रुपये. विवरणपत्र भरल्यावर ते परत मिळतात, पण डिलिव्हरीच्या दिवशी द्यावे लागतातच. हे सेल्समन आपणहून सांगत नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवर जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि सेस गेला. मात्र लांबी आणि इंजिन या दोन्ही अटी एकत्र पाळाव्या लागतात. मारुती ब्रेझा चार मीटरच्या आत आहे, पण तिचे पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचे, म्हणून ती ४० टक्क्यांच्या गटात जाते. पंच, एक्स्टर, मॅग्नाइट, फ्रॉन्क्स, नेक्सॉन, एक्सयूव्ही ३एक्सओ आणि कायलॅक यांची पेट्रोल मॉडेल १८ टक्क्यांत बसतात. मर्यादित बजेटवाल्याने आधी हीच यादी समोर ठेवावी.

या यादीतल्या सगळ्या गाड्या पुढच्या चाकांवर चालतात. एसयूव्ही हे नाव ऐकून चिखलातून, ओल्या शेतवाटेने त्या फोर व्हील ड्राइव्हसारख्या निघतील, अशी अपेक्षा धरू नये. ही उंच केलेली हॅचबॅक आहे. तिचा खरा फायदा ग्राउंड क्लीअरन्सचा, म्हणजे गाडीचा तळ आणि जमीन यांतल्या अंतराचा. तो पंचला १८७ मिमी, मॅग्नाइटला २०५, नेक्सॉनला २०८ आहे. हे आकडे गाडी रिकामी असतानाचे. पाच माणसे आणि भरलेली डिकी घेऊन गेल्यावर मागची बाजू दबते, तेव्हा गावच्या स्पीडब्रेकरवर अंतर पुरते की नाही ते चाचणीतच बघावे.

इंधनाचे गणित मोघम सल्ल्यावर सोडू नये. समजा, एकाच मॉडेलची पेट्रोल गाडी आठ लाखांना आहे आणि सीएनजी आठ लाख नव्वद हजारांना. सीएनजीला राज्यात १ जुलै २०२५ पासून दहा लाखांपर्यंत ८ टक्के कर आहे, म्हणजे ७१,२००, पेट्रोलला ८८,०००. करातच १६,८०० वाचल्याने खरा फरक ७३,२०० रुपयांचा उरतो. पेट्रोल १०४ रुपये आणि शहरातला अ‍ॅव्हरेज १४, सीएनजी ८० रुपये आणि अ‍ॅव्हरेज २० धरला, तर दर किलोमीटरला साधारण ३ रुपये ४० पैसे वाचतात. जादा पैसे साडेएकवीस हजार किलोमीटरमध्ये वसूल होतात. सीएनजी ९२ रुपयांना मिळत असेल तिथे हाच आकडा सव्वीस हजारांवर जातो. महिन्याला हजार किलोमीटर चालणाऱ्याला सीएनजी दोन-सव्वादोन वर्षांत परवडतो. फक्त रविवारी गाडी काढणाऱ्याने पेट्रोलच घ्यावी.

सीएनजीचे तोटेही आधीच माहीत असावेत. इंजिनाची ताकद साधारण पंधरा टक्क्यांनी घटते. घाटात ते लगेच कळते. साठ लिटरच्या सिलिंडरमध्ये प्रत्यक्षात आठ-नऊ किलोच गॅस बसतो. एकच मोठा सिलिंडर असेल तर डिकी जवळजवळ गेलीच. पंच आणि एक्स्टरमध्ये दोन लहान सिलिंडर तळाशी बसवून मिळतात, त्यामुळे पंचच्या डिकीत २१० लिटर जागा राहते. सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी करावी लागते. तिचा दाखला नसेल तर पंपावर गॅस नाकारला जातो.

डिझेलचा विचार या बजेटात शक्यतो करू नये. कर १३ टक्के, गाडी लाखभराने महाग आणि वर डीपीएफ. एक्झॉस्टमधली ही जाळी काजळी पकडते. ती जाळून टाकायला गाडी पंधरा-वीस मिनिटे सलग साठच्या वर पळावी लागते. रोज पाच किलोमीटर ऑफिस आणि परत, एवढाच वापर असेल तर जाळी तुंबते, दिवा लागतो, गाडी ‘लिंप मोड’मध्ये जाते, म्हणजे ताकद कमी करून रखडत चालते.

पेट्रोलमध्ये १.२ लिटरचे साधे इंजिन की १ लिटरचे टर्बो? शहरात आणि अधूनमधून महामार्गावर जाणाऱ्याला साधे पुरते. त्याची देखभाल स्वस्त असते. एसी चालू ठेवून पाच माणसांसह कसारा किंवा खंबाटकी घाट चढताना मात्र ते दुसऱ्या गिअरमध्ये तीन हजार आरपीएमच्या वर ठेवावे लागते. टर्बो तिथे सहज चढते, पण १८०० आरपीएमच्या खाली मरगळलेली असते, म्हणून गर्दीत लोक हाफ क्लचवर खेळतात आणि क्लच प्लेट लवकर जाते. टर्बोला कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचे ऑइल आणि वेळेवर बदल लागतोच. ऑइल काळे पडेपर्यंत थांबणाऱ्याने टर्बोच्या वाटेला जाऊ नये. एएमटी हा ऑटोमॅटिकचा सर्वांत स्वस्त प्रकार, मॅन्युअलहून पन्नास-साठ हजारांनी जास्त. त्यातही क्लच असतोच. चढावर ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरने गाडी धरून ठेवली की तो जळतो. घाटात तिला मॅन्युअल मोडवर ठेवावे.

व्हेरियंट निवडताना आमचे मत स्पष्ट आहे: सनरूफ सोडा. त्याच्या चार कोपऱ्यांतून पाणी जाण्याच्या नळ्या खाली उतरतात. धूळ आणि पाला अडकून त्या तुंबल्या की पावसाळ्यात पाणी पिलरमधून नाही तर आतल्या दिव्यातून ठिबकते आणि छताचे कापड डागते. तेवढ्या पैशांत मागचा वायपर आणि डिफॉगर असलेले मॉडेल घ्यावे. या गाड्यांची पाठ सरळ असल्याने चाकांनी उडवलेला चिखल मागच्या काचेवर बसतो, त्यामुळे पावसात वायपरशिवाय मागचे काही दिसत नाही. एअरबॅगसोबत ईएससी (गाडी घसरू लागली की सावरणारी यंत्रणा) आहे का तेही पाहावे. भारत एनसीएपी या अपघात-सुरक्षा चाचणीत तीन आणि त्याहून जास्त स्टारसाठी ते लागतेच. कायलॅक आणि ३एक्सओला तिथे पाच स्टार आहेत, सहा एअरबॅग अगदी खालच्या मॉडेलपासून आहेत आणि दोन्हींच्या किमती सव्वासात ते साडेसात लाखांच्या आसपास सुरू होतात. टॉप पंच किंवा एक्स्टर घेण्याआधी या दोघींची खालची मॉडेल एकदा चालवून पाहावी.

कर्जाचे एवढेच: आठ लाखांवर ९ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता साधारण १६,६०० येतो, सात वर्षांचा १२,८७०. हप्ता हलका वाटतो, पण व्याज एक लाख ९६ हजारांवरून दोन लाख ८१ हजारांवर जाते.

विमा शोरूममधूनच घ्यावा असे कोणतेही बंधन नाही. बाहेरचे कोटेशन आणले की तिथलाही आकडा उतरतो. तुलना करताना आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) सारखीच ठेवा, नाही तर स्वस्त पॉलिसी फक्त दिसायला स्वस्त असते. झीरो डेप्रिसिएशन पहिली काही वर्षे घ्यावे, कारण त्याशिवाय बंपरसारख्या प्लास्टिक भागांचे निम्मे पैसे आपल्याच खिशातून जातात. सखल भागात राहणाऱ्यांनी इंजिन प्रोटेक्टही घ्यावे. पाण्यात बंद पडलेल्या गाडीला पुन्हा स्टार्टर मारला की सिलिंडरमध्ये पाणी शिरते आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या पॉलिसीत हा खर्च मिळत नाही. १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आधीपासून असेल तर तसे लिहून द्यावे, दुसऱ्यांदा पैसे भरू नयेत.

कोटेशनवर ‘हँडलिंग’, ‘लॉजिस्टिक’ किंवा ‘इसेन्शियल किट’ अशी ओळ दिसली तर लेखी तपशील मागावा आणि ती काढायला सांगावी. कारखान्यापासून शोरूमपर्यंतची वाहतूक एक्स-शोरूम किमतीत धरलेली असते, नंबर प्लेटही. अंडरबॉडी कोटिंग सरसकट मारून घेऊ नये: घाईत मारलेला थर दाराच्या तळाची पाणी निघायची छिद्रे बुजवतो आणि गंज आतून धरतो. कोकण किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी ते जरूर करावे, पण छिद्रांना टेप लावून घेऊन.

शेवटी, गाडीचे पासिंग होण्याआधी ती यार्डात जाऊन दिवसाउजेडी पाहावी. फॉर्म २२ वर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असते. टायरवरच्या चार अंकांत आठवडा आणि वर्ष. पाचही टायर तपासावेत, कारण बऱ्याचदा स्टेपनीच जुनी निघते. दारे आणि बॉनेट यांच्या फटी सारख्या आहेत का, रंगाच्या छटेत फरक आहे का हे बोट फिरवून आणि तिरके बघून कळते. चासी नंबर कागदाशी जुळवावा आणि त्याचा फोटो घ्यावा. एवढे झाल्यावरच उरलेली रक्कम भरावी. नंबर पडल्यावर गाडी बदलून मिळत नाही.

आपला,
एक वर्कशॉपचालक, पिंपरी-चिंचवड