ट्यूलिप राहू द्या, तेरडा लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला चौकाचौकांतल्या फुलांच्या वाफ्यांवरचा पानभर लेख वाचला. नाशिक म्हणजे पूर्वीचं गुलशनाबाद, हे वाक्य अपेक्षेप्रमाणे पहिल्याच परिच्छेदात भेटलं. छायाचित्र मात्र ट्यूलिपचं! ट्यूलिप कांद्यापासून येतं आणि कांदा आपल्या जिल्ह्याला नवा नाही, हे खरं. पण त्या कांद्याला कित्येक आठवडे कडाक्याची थंडी लागते. ती काश्मीरात मिळते, आपल्या सीबीएस बसस्थानकाच्या चौकात नाही.

रंगसंगतीचं छान लिहिलंय. जांभळ्याशेजारी पिवळा, कडेला पांढरा वगैरे. पण कुठलं फूल कोणत्या महिन्यात लावायचं, याची एक ओळ नाही. पिटुनिया, पॅन्सी, फ्लॉक्स, डायंथस ही सगळी थंडीची फुलं. सप्टेंबर-ऑक्टोबरात गादीवाफ्यावर बी टाकायचं, महिन्याभराने रोपं लावायची, की डिसेंबरपासून मार्चपर्यंत बघत राहावं. नाशिकची थंडी त्यांना छान मानवते. नाशिकचा एप्रिल नाही मानवत.

आमच्या घराजवळच्या बागेत गेल्या वर्षी नेमकं हेच झालं. एप्रिलमध्ये कसलंसं उद्घाटन होतं. आदल्या संध्याकाळी टेम्पो भरून फुललेली पिटुनिया आली आणि अंधार पडेस्तोवर वाफा गच्च झाला. दिसत होता सुंदर, खोटं कशाला बोलू? चौथ्या दिवशी सगळ्यांनी माना टाकल्या. एक रोप उपटून पाहिलं, तर मुळाशी नर्सरीची काळी पिशवी जशीच्या तशी! पाणी मारणाऱ्या मुलाला विचारलं तर म्हणतो, "काका, पिशव्या काढा असं कोणी सांगितलंच नाही. फीत कापेपर्यंत टिकायला पाहिजे होतं, टिकलं ना?" त्या पोरावर काय रागावणार! ठेकेदाराने मात्र पुढच्या महिन्यात, ऐन मे मध्ये, त्याच जागी पुन्हा पिटुनियाच आणून लावली. तीही पिशवीसकट.

तिथे चिनी गुलाब, गॅलार्डिया किंवा साधी सदाफुली लावली असती तर उन्हाळा निघाला असता. सदाफुलीला शेळीसुद्धा तोंड लावत नाही, आणि आमच्या भागात शेळ्या बऱ्याच आहेत.

आता लेखात सिंहस्थाचाही उल्लेख आहे, म्हणून सांगतो. 2027 ची अमृतस्नानं ऑगस्ट-सप्टेंबरात आहेत, म्हणजे पावसात. भाविक रामकुंडाकडे निघतील तेव्हा वाटेवर पॅन्सी कुठून फुलणार? त्या दिवसांत कोंबडा, झिनिया, कॉसमॉस, गोम्फ्रेना, झेंडू आणि तेरडा. बी जूनच्या आसपास पडायला हवं. आपल्या काळ्या जमिनीत पाणी साचून मुळं कुजतात, म्हणून वाफा वीतभर उंच घ्यावा. पण तेरडा कोणी लावणार नाही, कारण तो त्र्यंबककडच्या डोंगरांवर फुकट उगवतो. त्याचं बिल काय लावणार? शिवाय 'तेरड्याचा रंग तीन दिवस' म्हणून त्याला नावं ठेवायची आपल्याला सवय. टेम्पोतून आलेल्या पिटुनियाचा रंग किती दिवस होता ते वर लिहिलंच आहे.

जाता जाता आणखी एक. वाफ्यात चुकून काही फुललंच, तर पहाटे फिरायला येणारी मंडळी पिशव्या घेऊन हजर असतात. झेंडूचं एक फूल ठेवत नाहीत. माळ्याने हटकलं तर "देवाला नेतोय, तुझ्या बापाचं काय जातं?" असं त्यालाच ऐकवतात. चांगली शिकलेली, पेन्शन घेणारी माणसं आहेत. फुलांची पिशवी शेजारी ठेवून बाकावर तुमचाच अंक वाचत बसलेली असतात. तेव्हा पत्र छापणार असाल तर जरा ठळक छापावं.

– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक