अण्णांचा घाट

दादर, मुंबई
26 ऑगस्ट

प्रिय दिन्या,

अण्णा गेले तेव्हा मला कर्जतला येता आलं नाही, ते मनातून जात नव्हतं. काय लिहावं तेही सुचेना. शेवटी परवा रविवारी सातची डेक्कन एक्सप्रेस पकडली, लोणावळ्यापर्यंत गेलो आणि संध्याकाळी परत आलो. तिथे काम काहीच नव्हतं. अण्णांचा घाट, आपला बोरघाट, बघायचा होता.

काचेच्या छपराचा विस्टाडोम डबा या गाडीला 2021 पासून लागतो, पण त्यात वारा आत येत नाही. साध्या डब्याचं तिकीट काढलं, नशिबाने खिडकी मिळाली. कर्जतला मागून बँकर, म्हणजे चढावर गाडी ढकलणारी जादा इंजिनं, लागले, तो दणका बसला आणि तुमच्या क्वार्टरचा ओटा डोळ्यांसमोर आला. अण्णा तळहात तिरका धरून सांगायचे, ‘37 फुटांना 1 फूट चढ आहे रे. मागून रेटा नको?’

पळसदरी मागे पडली आणि नुसतं पाणीच पाणी. तासलेल्या कातळावरून धारा इतक्या जवळून कोसळत होत्या की शिंतोडे मांडीवरच्या पेपरवर. त्याच कातळाच्या भेगांत गुलाबी तेरडा फुललेला. बोगदा, उजेड, दरी, परत बोगदा. पोरं प्रत्येक बोगद्यात ओरडत होती. मंकी हिलच्या आसपास ढग जरा फाटला आणि पलीकडे राजमाची किल्ला दिसला, श्रीवर्धन आणि मनरंजन दोन्ही बालेकिल्ले. मी उभाच राहिलो. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘पहिल्यांदाच आलात वाटतं?’ पुण्याला शिकत असताना आपण किती वेळा गेलो याच वाटेने, तरी मी ‘हो’ म्हणालो.

हा घाट कुणी बांधला ते मी जाण्याआधी वाचून काढलं. 1859 मध्ये सॉलोमन ट्रेडवेल नावाचा इंग्रज कंत्राटदार आला आणि काही महिन्यांतच आजाराने गेला. त्याच्या बायकोने, अॅलिसने, परक्या मुलखात ते कंत्राट अंगावर घेतलं आणि 1863 ला घाटातून गाडी सुरू झाली. एके काळी 40,000 हून जास्त माणसं इथे खपत होती. कॉलऱ्याने कितीतरी दगावली. अॅलिसचं नाव निदान राहिलं. सुरुंग ठासणाऱ्यांची नावं कुठेच सापडली नाहीत, याचं मला फार वाईट वाटलं.

पण खरं सांगायचंय ते उतरतानाचं. येताना गाडी ब्रेक तपासायला घाटात थांबली. पंखे बंद होते, डब्यात कुणी बोलत नव्हतं, फक्त ओहोळाचा आवाज. आणि रुळाच्या कडेला एक ट्रॅकमन उभा. अंगावर रेनकोट, खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा, पायांतले बूट चिखलाने भरलेले. तो गाडीकडे बघतच नव्हता. मान वर करून डोंगर बघत होता, एकेक दगड वाचावा तसा. अण्णा असेच बघायचे ना? पावसाळ्याआधी दोराला लटकून सुटे धोंडे पाडायचे आणि मग चार महिने भिजत रूळ चालायचे. जेवायला बसले तरी वीज कडाडली की त्यांचा घास हातातच राहायचा. तेव्हा आपल्याला कळायचं नाही. परवा खिडकीत बसून कळलं की आपण इतकी वर्षं त्यांच्या भरवशावर झोपून घाट उतरलो.

त्याला हात केला. त्याने बघितलं, नुसती मान हलवली. गाडी सुटली.

आईंना माझा नमस्कार सांग. अण्णांचा तो हातोडा घरात असेल तर जपून ठेव, भंगारात जाऊ देऊ नकोस. आणि दिवाळीपर्यंत थांबू नको, तोवर धारा आटतील. सप्टेंबरच्या शेवटी सोनकी फुलते, तेव्हा चल. मी दादरला चढतो, तू कर्जतला ये. बँकर लागेपर्यंत गाडी थांबते, वडापाव तेवढे घेऊन ठेव.

तुझा,
वसंता